पहिल्या पाळीचा धडा कोणी द्यायचा?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता देशभर लागू झाल्या, तेव्हा राजधानीतील चर्चेचा सारा रोख तीन-चार मुद्द्यांवरच राहिला. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर जाणे, मुदतबंद नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळणे, महिलांना रात्रपाळीची मुभा. कामगार संघटनांनी निदर्शने केली, उद्योजकांच्या महासंघांनी स्वागत केले आणि दोन्ही बाजूंचे प्रवक्ते दूरचित्रवाणीवर आपापले ठरलेले बोलून गेले. या चौघींपैकी जी संहिता सर्वांत कमी वाचली गेली, ती ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’. कामावरून काढण्याचा प्रश्न काम मिळाल्यानंतरचा असतो आणि कामावरून धडधाकट घरी परतण्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो, एवढे लक्षात घेतले तरी या उपेक्षेचे आश्चर्य वाटावे.

प्रश्न तसा साधा आहे. अठरा ते पंचवीस वयाचा मुलगा वा मुलगी आयुष्यात प्रथमच यंत्रासमोर, भट्टीजवळ किंवा रसायनाच्या टाकीपाशी उभी राहते. त्यापूर्वी तिला त्या जागेचे धोके समजावून सांगण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे? किती तासांचे? कोणत्या भाषेत? आणि ते पार पाडले गेले नाही, तर जाब कोणी द्यायचा? यातील पहिल्या प्रश्नाला भारतीय कायद्याने उत्तर दिले आहे. पुढच्या तिन्हींच्या बाबतीत त्याने बहुतांशी मौन पाळले आहे.

या मौनाचे मूळ कायद्याच्या इतिहासात सापडते. कोवळ्या कामगारांचा विचार आपल्या कायद्याने पहिल्यापासून केला, पण तो वयाच्या अंगाने. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. १८९१ मध्ये ती मर्यादा नऊ वर्षांवर गेली, १९२२ मध्ये बारावर आणि १९४८ च्या कायद्याने चौदावर. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक व्यवसायासारखे अपवाद वगळता, सर्वच कामांतून बाहेर काढले आणि चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना खाणी, स्फोटके व धोकादायक प्रक्रिया यांची दारे बंद केली. हा प्रवास अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु त्यातून कायद्याची एक दृष्टी घडली: लहानांना धोक्यापासून दूर ठेवले की जबाबदारी संपली. अठरावा वाढदिवस उजाडताच तोच मुलगा कायद्याच्या नजरेत पूर्ण प्रौढ कामगार ठरतो. वीस वर्षे प्रेस चालवलेला कारागीर आणि काल सकाळी गाडीतून उतरलेला तरुण यांच्यात त्यानंतर काहीच फरक उरत नाही.

अपघात मात्र हा फरक जाणतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार पंधरा ते चोवीस वयोगटातील कामगारांत प्राणघातक नसलेल्या इजांचे प्रमाण पंचविशीपुढील कामगारांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत अधिक असते. यामागे वयाइतकाच, किंबहुना अधिक, नवखेपणाचा हात आहे. कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता बिघाडाचा, कोणता वास आला की पळायचे, मुकादमाच्या कोणत्या हुकमाला नाही म्हणायचे, हे नवख्याला माहीत नसते. माहीत असले तरी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ‘नाही’ म्हणण्याची छाती त्याला होत नाही.

जुन्या कायद्यात या नवखेपणाची जाणीव अजिबात नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २३ व्या कलमात ती स्वच्छ दिसते. सरकारने धोकादायक म्हणून विहित केलेल्या यंत्रावर अठरा वर्षांखालील व्यक्तीला काम देण्यापूर्वी तिला त्यातील धोके व घ्यावयाची काळजी पूर्णपणे समजावून सांगितली पाहिजे. शिवाय तिला पुरेसे प्रशिक्षण मिळालेले असावे किंवा ती जाणकाराच्या देखरेखीखाली असावी. इतके नेमके कलम प्रौढ नवख्यासाठी लिहिले गेले असते, तर आज हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. प्रौढांसाठी प्रशिक्षणाचे सर्वसाधारण कर्तव्य यायला मात्र भोपाळ घडावे लागले. १९८४ च्या त्या वायुकांडानंतर तेथे गेलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांच्या पथकाने नोंदवले होते की, घातक वायूच्या संयंत्रावरील कामगारांचे प्रशिक्षण सहा महिन्यांवरून पंधरा दिवसांवर आणले गेले होते. १९८७ च्या दुरुस्तीने ७ अ हे कलम आले. आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे भोगवटादाराचे कर्तव्य ठरले; कंपनीच्या बाबतीत भोगवटादार म्हणजे एखादा संचालकच, हेही त्याच दुरुस्तीने पक्के केले. त्याच वेळी १११ अ या कलमाने सुरक्षेचे प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क मानला.

२०२० च्या संहितेने आपल्या सहाव्या कलमात हेच कर्तव्य जवळजवळ त्याच शब्दांत पुढे चालवले आहे. सोबत ‘व्यवहार्य असेल तितपत’ ही जुनी पुस्तीही आली आहे. ‘आवश्यक ते प्रशिक्षण’ म्हणजे किती, हे ठरवण्याचे काम ज्याला ते द्यायचे आहे त्याच्याकडेच राहिले. येथे थोडे मागे जाऊन पाहण्यासारखे आहे. १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ४८ तासांवर आणणारा कायदा याच दिल्लीत मंजूर झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या कायद्यात ‘वाजवी तास’ असा मोघम शब्द घातला असता तर गिरणीमालकांनी त्याचा अर्थ काय लावला असता, हे सांगायला नको. आकडा लिहिला, म्हणून मर्यादा टिकली. प्रशिक्षणाच्या बाबतीत कारखान्यांसाठी असा आकडा केंद्रीय कायद्याने आजवर लिहिलेला नाही.

या मोघमपणाची किंमत पाहायची असेल, तर राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर गुरुग्राम-मानेसरचा वाहनउद्योगाचा पट्टा आहे. नामवंत मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आणि त्या पुरवठादारांना पुरवठा करणारी लहान वर्कशॉपे यांची येथे उतरंड आहे. तिच्या तळाशी पॉवर प्रेस असते. पत्रा साच्यावर ठेवायचा, पेडल दाबायचे, दणका बसला की तयार तुकडा काढून घ्यायचा आणि पुढचा पत्रा ठेवायचा. तासाला शेकडो वेळा. जुन्या धाटणीच्या प्रेसमध्ये क्लचची चावी झिजली की पेडल न दाबताही दुसरा दणका बसतो आणि त्या क्षणी हात साच्यात असला तर बोटे जातात. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याखेरीज न चालणारी रचना, हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर, पत्रा धरायचा चिमटा, हे उपाय काही नवे नाहीत. पण जाळी लावली की वेग कमी होतो, सेन्सर मध्येच प्रेस थांबवतो, म्हणून तो बंद करून ठेवला जातो. या पट्ट्यात जखमी कामगारांसोबत काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढीत आहे. त्यांतून पुनःपुन्हा एकच चित्र पुढे येते: जखमी होणारे बहुतांशी परप्रांतांतून आलेले, मोठ्या संख्येने तरुण, पुष्कळदा कागदोपत्री ‘हेल्पर’ आणि प्रत्यक्षात प्रेस चालवणारे.

‘हेल्पर’ या एका शब्दात सगळी मेख आहे. हेल्परला यंत्र चालवायचे नसते, म्हणून त्याला यंत्राचे शिक्षण द्यायचे नसते. ऑपरेटर गैरहजर राहिला की त्याला तिथे उभे केले जाते. शेजारचा माणूस दहा मिनिटे दाखवतो, उरलेले ‘बघून बघून’ शिकायचे. आपल्याकडे पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. या कारखान्यांत ते लागू पडत नाही, कारण ठेच लागलेला पुढचा माणूस बोटे गमावून गावी परतलेला असतो आणि मागच्याला तो कधी भेटतच नाही. कामगार भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२ टक्के, असे कोष्टक आहे. प्रत्येक बोटाची किंमत इतक्या बारकाईने ठरवणाऱ्या व्यवस्थेला ते वाचवण्यासाठी लागणाऱ्या तासांचे कोष्टक मात्र करता आलेले नाही.

मालकांची बाजू अगदीच बिनबुडाची नाही. बारा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये शिकवायला वेगळा माणूस ठेवणे परवडत नाही. शिकवलेला मुलगा तीन महिन्यांत पाचशे रुपये जास्त देणाऱ्या शेजाऱ्याकडे जातो. वरची कंपनी दर वर्षी भाव कमी करायला सांगते आणि माल मात्र वेळेवर मागते. ही तक्रार खरी आहे, पण तिच्यातून प्रशिक्षणाचा खर्च सामायिक असावा एवढेच निष्पन्न होते. ते देऊच नये, असे नव्हे.

आणि सामायिक व्यवस्थेसाठी परदेशात जायची गरज नाही. खाणींमध्ये ती आहे. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार नव्या माणसाला प्राथमिक प्रशिक्षण दिल्याशिवाय खाणीच्या कामावर लावता येत नाही. ठरावीक काळाने उजळणी होते; अभ्यासक्रम आणि कालावधी नियमांतच लिहिलेले आहेत. कोळसा कंपन्यांनी त्यासाठी खाणसमूहांची केंद्रे उभारली. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या चंद्रपूर-वणी भागात ‘व्हीटीसी’ हा शब्द कोणाही कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. खाणींत अपघात होत नाहीत, असा याचा अर्थ नाही. १९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशे माणसे बुडाली, तेव्हाही हे नियम होतेच. पण तेथे नवख्याला न शिकवता उतरवले तर तो उघड नियमभंग ठरतो आणि तारखेनिशी पकडता येतो. कारखान्यात तो केवळ ‘आवश्यक ते’ या शब्दांच्या अर्थाबद्दलचा मतभेद ठरतो.

आता या प्रश्नाच्या अधिक बिकट बाजूकडे वळू. ज्याला शिकवायचे, तो कायद्याने कोणाचा माणूस आहे?

प्रथम शिकाऊ उमेदवार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे १८ वे कलम सांगते की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमाने कारखाना कायद्याची आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणविषयक तिसरी, चौथी व पाचवी प्रकरणे त्याला लागू केली. बारकाईने पाहिले तर प्रशिक्षणाचे सर्वसाधारण कर्तव्य सांगणारे ७ अ हे कलम पहिल्या प्रकरणात होते आणि प्रशिक्षणाचा हक्क देणारे १११ अ हे कलम शेवटाकडे, अकराव्यात. म्हणजे जो शिकण्यासाठीच आला होता, त्याच्यापर्यंत सुरक्षेच्या शिक्षणाची हीच दोन कलमे थेट पोहोचत नव्हती! नव्या संहितेतही ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवार वगळलेला आहे. तिच्यात एक दिलासादायक तरतूद अवश्य आहे. कारखाना, खाण, बांधकाम अशा ठिकाणी आवारात असलेल्या सर्व व्यक्तींच्या सुरक्षेची जबाबदारी मालकावर आहे, मग त्या त्याच्या माहितीने तेथे असोत वा नसोत. पण आवारात असलेल्या माणसाला इजा होऊ न देणे आणि त्याला काम शिकवणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत.

दुसरा, कंत्राटदाराचा माणूस. संहितेतील ‘मालक’ या व्याख्येत कंत्राटदारही येतो. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यावी, असे कायदा रोखठोक सांगतो. यंत्र कोणी समजावून द्यायचे, याची तशी रोखठोक वाटणी त्यात आढळत नाही. व्यवहारात ठेकेदाराला यंत्राची माहिती नसते आणि मूळ मालक तो माणूस आपला नसल्याचे सांगतो. पाटबंधारे असो वा महामार्ग, निविदांची कागदपत्रे हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना या टोलवाटोलवीची चांगली ओळख असेल. सरकार स्वतःही या देशातले फार मोठे मूळ मालक आहे, हे अशा वेळी सोयीस्करपणे विसरले जाते.

३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथील औषधी द्रव्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन पन्नासहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड येथून आलेले कितीतरी जण होते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात असेच स्फोट पाहिले. आणि नोंद झालेल्या कारखान्यांपुरतेच बोलायचे तर २०१७ ते २०२० या काळात वर्षाला सरासरी अकराशेच्या वर, म्हणजे दिवसाला तीन कामगार मरण पावले, ही श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतील कारखाना सल्ला महासंचालनालयाची आकडेवारी आहे. नोंद नसलेल्यांची मोजदाद या आकडेवारीत येतच नाही.

दिल्लीला याची ओळख आगीतून झाली. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे अनाज मंडीतील इमारतीत ४३ जण गुदमरून व होरपळून गेले. बहुतेक बिहारमधून आलेले आणि कामाच्याच जागी झोपलेले. १३ मे २०२२ रोजी मुंडका येथील इमारतीत २७ जणांचा बळी गेला, त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. जाण्यायेण्याचा जिना एकच. आग लागली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी प्रेरणादायी व्याख्यान सुरू होते, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. सगळे एकत्र बसलेले आहेत, कोणीतरी समोर उभे राहून बोलते आहे, आणि आगीत बाहेर कसे पडायचे हा विषय त्या बोलण्यात नाही! कारखाना कायद्याचे ३८ वे कलम १९८७ पासून सांगत होते की प्रत्येक कारखान्यातील सर्व कामगारांना आगीतून सुटकेचे मार्ग ठाऊक असले पाहिजेत आणि अशा वेळी काय करायचे, याचे पुरेसे प्रशिक्षण त्यांना मिळालेले असले पाहिजे. परंतु जी जागा कारखाना म्हणून नोंदलेलीच नाही, तेथे हे कलम कोण घेऊन जाणार? नव्या संहितेने तर कारखान्याची व्याख्याच विजेच्या वापरासह दहा कामगारांवरून वीसवर आणि विजेविना वीसवरून चाळीसवर नेली आहे. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी लागू राहतील, असे समर्थन केले जाते. ते बरोबरही आहे, पण प्रशिक्षणाचे सविस्तर कर्तव्य सांगणारे उपकलम ज्यांची नावे घेते त्यांत कारखाना, खाण, गोदी, बांधकाम आणि मळे आहेत.

शिक्षेच्या बाबतीत नवी संहिता जुन्या कायद्यापेक्षा निश्चितच कडक आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला तर जुन्या कायद्यात किमान दंड पंचवीस हजार रुपये होता. आता तो पाच लाखांपेक्षा कमी नसेल, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल आणि दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकेल. तरतूद स्वागतार्ह आहे, मात्र ती मृत्यूनंतर जागी होते. मृत्यूपूर्वी कारखान्यात जाणारा निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला असून संगणक ठरवील तिथे जाणार आहे. तो गेला तरी त्याने तपासायचे काय? शिकवल्याची नोंद कोणत्या नमुन्यात असावी हेच ठरलेले नसेल, तर सुपरवायझरने काढून दाखवलेल्या सह्यांच्या वहीवर त्याला समाधान मानावे लागेल.

या पार्श्वभूमीवर केंद्राच्या रोजगारविषयक योजना पाहिल्या की राज्यकर्त्यांचा प्राधान्यक्रम ध्यानात येतो. १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचा आराखडा ९९,४४६ कोटी रुपयांचा आहे. प्रथमच नोकरीला लागणाऱ्याला दोन हप्त्यांत पंधरा हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते, तर नवी नोकरी देणाऱ्या मालकाला दरमहा माणशी तीन हजारांपर्यंत. कामगाराच्या दुसऱ्या हप्त्यासाठी अट आहे ती वर्षभराच्या नोकरीची आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण करण्याची. बचत कशी करावी हे शिकल्याशिवाय पैसे नाहीत! अट चांगलीच आहे. पण मालकाच्या हाती सरकारी पैसा ठेवताना, या नवख्याला यंत्राचे धोके शिकवलेत का, एवढी विचारणा करण्याची इतकी सोपी संधी पुन्हा मिळणार नव्हती. २०२४ च्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत तरुणांना जीवनविमा व अपघातविमा दिला जातो आणि हप्ता सरकार भरते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय आणि पदवी अशा पायऱ्यांनी विद्यावेतन ठरले. या सगळ्यांत तरुणाला कामाच्या जागेपर्यंत पोहोचवण्याची घाई दिसते. दारातून आत गेल्यावरचा पहिला तास कोणाच्याच खात्यावर मांडलेला नाही.

खरे तर साधने हाताशी आहेत. शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि राजधानीलगत फरिदाबादची प्रादेशिक श्रम संस्था हे प्रशिक्षण देण्यासाठीच उभारल्या गेल्या आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत आहे. औद्योगिक वसाहतीगणिक एक सामायिक केंद्र, खाणींच्या धर्तीवर ठरावीक तासांचा अभ्यासक्रम आणि तो पूर्ण केल्याचा, कारखाना बदलला तरी सोबत राहणारा दाखला, एवढे केले तर ‘शिकवलेला माणूस निघून जातो’ ही मालकांची अडचणही उरत नाही. तो गेला तरी पुढच्या मालकाकडे शिकलेलाच जाईल आणि त्याच्या जागी येणाराही शिकून आलेला असेल.

श्रम हा विषय समवर्ती सूचीतला. त्यामुळे संहिता संसदेची असली, तरी तिचे बरेचसे नियम राज्यांच्या सचिवालयांत लिहिले जातात. नियम लिहिणाऱ्यांत मराठी अधिकारी केंद्रातही आहेत आणि अर्थातच मुंबईतही. संहितेच्या सहाव्या कलमाने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले असून त्याचा नमुना विहित करण्याचा अधिकार समुचित शासनाला दिला आहे. त्या नमुन्यात आणखी एक रकाना घालण्यासाठी संसदेकडे जावे लागत नाही: कोणत्या यंत्राचे वा प्रक्रियेचे सुरक्षाप्रशिक्षण दिले, किती तास, कोणत्या भाषेत, कोणी, आणि काम सुरू होण्याच्या किती दिवस आधी. कंत्राटी कामगाराच्या पत्रावर ठेकेदाराबरोबर मूळ मालकाच्या प्रतिनिधीची सही असावी. शिकाऊ उमेदवार ‘कर्मचारी’ नसल्याने हाच रकाना त्याच्या करारपत्रात घालावा लागेल आणि त्यासाठी कौशल्यविकास मंत्रालयाला श्रम मंत्रालयाशी बोलावे लागेल. राजधानीत सर्वाधिक वेळ अशाच गोष्टीला लागतो.